पान कोरं दिसलं तर

चैत्र सरत आला की ठाण्याजवळच्या आमच्या दिव्यातले नळ खोकायला लागतात. आधी एक कोरडा ठसका, मग नुसती हवा, मग गढूळ पाण्याचा एक घोट आणि पुन्हा हवा. यंदाही परवा सकाळी तो आवाज आला. आई म्हणाली, "झालं गं सुरू," आणि माळ्यावरची जादा पिंपं काढायला लागली. पाण्याची सोय काय, ती दरवर्षी कशीबशी होतेच. मला मात्र आठवला तो दोन वर्षांपूर्वीचा वैशाख, आणि खालच्या खोलीतून येणारा ठक, ठक असा आवाज.

आमच्या गल्लीत पाच इमारती आहेत, एकमेकींच्या अंगावर रेललेल्या. पाणी सगळ्यांना एकदम मिळत नाही. संदीप नावाचा माणूस खांद्यावर लोखंडी चावी टाकून येतो, रस्त्यातल्या खड्ड्यात वाकतो आणि एकेका इमारतीचा व्हॉल्व्ह फिरवतो. अर्धा तास एकीला, अर्धा तास दुसरीला. कधी दुपारी बाराला, कधी दीडला, कधी आज नाहीच. पाण्याला जोर नसतो, म्हणून घरोघरी छोट्या मोटरी आहेत. मोटर लावली तर पिंप भरतं. पण पाणी नसताना लावली तर ती तापते आणि जळते. म्हणजे पाणी नेमकं कधी येणार हे ठाऊक असल्याशिवाय बटण दाबायची सोय नाही. उन्हाळाभर सगळ्या गल्लीचे कान त्या एका बातमीकडे लागलेले असतात.

बातमी गल्लीच्या ग्रुपवर यायची. पण तिच्यावर लगेच पन्नास सुप्रभात, तीन वाढदिवस आणि हरवलेल्या मांजराचा फोटो येऊन पडे. चिडून चिडून शेवटी मीच एक पान तयार केलं. प्रत्येक इमारतीचं वेगळं पान, मोबाइलवर उघडायचं. आज पाणी असेल तर मोठ्या आकड्यांत वेळ, नसेल तर काही नाही. पान कोरं. ही कोऱ्या पानाची कल्पना माझी. उगाच शब्दांचा पसारा कशाला, असं तेव्हा वाटलं होतं. स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश होते.

मी प्रोग्रॅम लिहिते. ऑफिस ठाण्याला आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम. ज्या भाषेत लिहिते तिचं नाव जावास्क्रिप्ट. मोबाइलवरचं पान हलतं, बोलतं, आकडे दाखवतं ते तिच्या जिवावर. ही भाषा दरवर्षी वाढते, तिच्यात नवे शब्द येतात, नव्या खुणा येतात, आणि जुन्या फोनांना त्या कळत नाहीत. म्हणून आम्ही लिहिलेलं आधी दुसऱ्या एका प्रोग्रॅममधून काढतो. तो नवं लिखाण जुन्या भाषेत उतरवतो, सगळं आवळून बांधतो, आणि मग ते लोकांसमोर जातं. भात गिरणीतून काढल्याशिवाय ताटात वाढत नाहीत, तसं. या मधल्या पायरीला आमच्याकडे बिल्ड म्हणतात. अलीकडे फोन शहाणे झालेत, त्यांना बरंचसं नवं लिखाण जसंच्या तसं कळतं. त्यामुळे ही पायरी गाळून टाकायची एक हौस आमच्या धंद्यात आली आहे. लिहिलं की चाललं, मध्ये कोणी नाही. ज्याने वर्षानुवर्षं त्या गिरणीच्या रांगेत दिवस घालवलेत त्यालाच या सुखाची गोडी कळेल.

आमच्या बरोबर खाली, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत हिरामावशी राहते. ही इथली मूळची. भातशेती, मिठागर, सगळं हिच्या सासरचं होतं. आमची इमारत ज्या जागेवर उभी आहे तिथे त्यांची बाव होती. बाव म्हणजे विहीर. दीर-पुतण्यांनी जमीन बिल्डरला दिली, बाव बुजली, आणि मावशीच्या वाट्याला ही एक खोली आली. तिचे यजमान, आमचे काका, अर्धांगाने खाटेवर. उजवा हात तेवढा हलायचा, वाचा गेलेली. मावशीला कानांनी कमी ऐकू येतं, त्यामुळे ग्रुपवरचे बोललेले निरोप तिच्या कामाचे नाहीत आणि शेजारच्या मोटरींचा आवाजही तिच्यापर्यंत पोचत नाही. वाचता मात्र येतं, सावकाश, बोट ठेवून. पुतण्याने टाकून दिलेला एक जुना फोन तिच्याकडे होता. मी त्याच्यावर पान उघडून दिलं आणि पुन्हा पुन्हा बजावलं, "मावशी, आकडा दिसला तर मोटर लावायची. पान कोरं दिसलं तर समजायचं, आज नाही."

"कोरा दिसला तं नाय," तिने पाठ म्हणून दाखवलं. आधीच्या वर्षी तिची एक मोटर कोरडी चालून जळली होती. त्यामुळे या बाबतीत ती फार जपून होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी परवापर्यंत कोणाशी बोलले नव्हते. मावशी आमच्या घरी कधी पाणी प्यायली नव्हती. वर यायची, दारात टेकायची, आईशी तासभर बोलायची. आईने पाणी विचारलं की म्हणायची, "नको गो, आताच प्यायले." आमच्या दारासमोरच्या भिंतीवर बुद्धाची मूर्ती आहे, गॅलरीत निळा झेंडा असतो. माझी आई तिच्या माहेरी लहानपणी विहिरीपासून चार हात लांब उभी राहायची आणि वरून कोणीतरी पाणी ओतेल तेव्हा कळशी भरायची. आई त्याबद्दल क्वचितच बोलते. पण मावशीचं 'आताच प्यायले' ऐकलं की आईचा चेहरा पाटीसारखा पुसला जायचा, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आईने मला कधी काही बोलू दिलं नाही. "म्हातारी आहे. राहू दे," एवढंच म्हणायची.

तर त्या वैशाखातला एक रविवार. संदीपने सकाळी वेळ बदलल्याचं कळवलं आणि मी पान बदलायला बसले. वेळा मी प्रोग्रॅमच्याच फाइलीत लिहीत असे, हा माझा आळस. त्यामुळे साधा आकडा बदलायचा तरी सगळं गिरणीतून काढावं लागे. त्या दिवशी गिरणीने संप केला. तिचा कुठला तरी भाग आपोआप बदलला होता आणि दुसऱ्या भागाला तो पटत नव्हता. लाल अक्षरांची ओळीवर ओळ. दोन तास झटापट केली. तिकडे चार इमारतींतून फोन, "ताई, टायमिंग टाका ना!" शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, एक आकडा दाखवायला एवढं अवडंबर हवंच कशाला? पायरीच उखडून टाकली. फाइल जशी लिहिली तशी थेट लोकांसमोर ठेवली.

आणि ती चालली! क्षणात. पुढच्या बदलाला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मी माझा फोन पाहिला, आईचा पाहिला, समोरच्या बिऱ्हाडातला पाहिला. तिन्हीकडे आकडा ठणठणीत. चौथा फोन खाली होता. एक जिना उतरायचा होता, फक्त एक. मनात आलंही होतं. पण खाली गेलं की मावशी चहाचा आग्रह करणार, आपण पिणार, आणि वर आली की ती पाणीसुद्धा नको म्हणणार. कोणी सांगितलंय, असं म्हणून मी उठलेच नाही. ते पाऊल न उचलल्याचं मला आजही स्पष्ट आठवतं.

सोमवारी पाणी बाराला आलं. मंगळवारी सव्वाला. मावशीने मोटर लावली की आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीला बारीक थरथर येते. अनवाणी पायांना ती रोज कळते. सोमवारी ती आली नाही. मला कळलं, ती आली नाही. वाटलं, पिंप भरलेलं असेल. मंगळवारीही आली नाही. तेव्हा मी ओट्याशी उभी होते, हातात चहाचा कप, कानात ऑफिसची मीटिंग. क्षणभर थांबले. मग म्हटलं, लागलं तर मागेल की. आणि मनातल्या मनात पुढचं वाक्यही म्हटलं, 'पण मागेल कशी, आमच्याकडचं पाणी तिला चालायचं नाही ना.' असलं वाक्य मनात म्हणताना माणसाला काय समाधान मिळतं, कोण जाणे. मला मिळालं होतं.

बुधवारी ऊन असं की गॅलरीतला झेंडासुद्धा हलेना. पाण्याची वेळ बारा चाळीस. आमचं पिंप भरलं, मोटर बंद केली, आणि त्या शांततेत तो आवाज आला. ठक, ठक. थांबला. पुन्हा ठक. कुठेतरी बांधकाम चालू असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. दिव्यात बांधकाम कुठे चालू नसतं? पण तो आवाज हातोडीचा नव्हता. फार हलका होता, आणि मध्ये थांबत होता, दमल्यासारखा.

आईच आधी म्हणाली, "सुजाता, हा खालून येतोय."

जिना मी कशी उतरले आठवत नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. काका खाटेवर आडवे, डोळे ताणलेले, आणि उजव्या हातातला रिकामा स्टीलचा पेला ते खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटत होते. मला पाहिल्यावरही आपटत राहिले. पेला स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे रोखलेला. तिथे मावशी पडली होती, एका कुशीवर, लुगड्याचा पदर तोंडाशी. ओठांवर पांढरी साय धरलेली. शेजारचं पिंप मी उगाच हलवून पाहिलं. ते सहज हललं, पार रिकामं. काकांच्या उशाशी मात्र जार होता, तळाला तांब्याभर पाणी शिल्लक. ते तिने त्यांच्यासाठी राखलं होतं.

आई मागोमाग आली, आमच्या घरचा तांब्या घेऊन. तिने पदराचं टोक भिजवलं आणि मावशीचे ओठ पुसले. "घाई नको, थेंब थेंब," मला म्हणाली. आमचं पाणी मावशीच्या तोंडात गेलं तेव्हा तिला शुद्ध नव्हती. हे मला त्या क्षणीही सुचलं, आणि सुचल्याची लाज वाटली.

आई काकांपाशी थांबली. नाक्यावरची रिक्षा, गल्लीतली दोन माणसं, स्टेशनजवळचा दवाखाना. डॉक्टर शीर शोधत होते आणि ती सापडत नव्हती. "अंगात पाणीच नाही हो. किती दिवस प्यायल्या नाहीत? अजून दोन-तीन तास गेले असते तर मला काही करता आलं नसतं." सलाइनचे थेंब मी मोजत बसले. तिच्या कनवटीला खोचलेला फोन निसटून खाटेवर आला होता. मी तो उचलला आणि आमच्या इमारतीचं पान उघडलं.

कोरं.

माझ्या फोनवर पाहिलं, आकडा होता. तिच्या फोनवर कोरं. पुन्हा उघडलं. कोरं. मग कारण लक्षात आलं. त्या फाइलीत मी एक नवी खूण वापरली होती, शेजारी शेजारी दोन प्रश्नचिन्हं. तिचा अर्थ, डावीकडे काही असेल तर ते घे, नसेल तर उजवीकडचं. संदीपने वेळ दिली असेल तर ती दाखव, नसेल तर रिकामं ठेव. इतकी साधी गोष्ट. गिरणी चालू होती तोवर ती खूण जुन्या भाषेत उतरवली जात होती. मी गिरणी काढली आणि मावशीच्या फोनसमोर ती खूण तशीच गेली. तो फोन तेवढीच ओळ सोडून पुढे जात नाही. एक खूण कळली नाही की सगळी फाइल नाकारतो, आणि नाकारली असं कोणाला सांगतही नाही. तीन दिवस ती म्हातारी बोट ठेवून त्या कोऱ्या पानाकडे बघत होती. मी शिकवलेला धडा तिने तंतोतंत पाळला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणापायी तिचं पिंप रिकामं राहिलं होतं.

पुढे मी जे केलं ते त्याहून वाईट. तिथेच, तिच्या खाटेशी बसून, माझ्या फोनवरून फाइल उघडली. दोन प्रश्नचिन्हं पुसली, त्या जागी तेच जुन्या पद्धतीने लांबलचक लिहिलं. मिनिटभराचं काम. तिच्या फोनवर पान पुन्हा उघडलं. बारा चाळीस, मोठ्या आकड्यांत.

संध्याकाळी तिने डोळे उघडले. माझा हात चाचपला. "पान कोरा व्हता गो बाय. तीन दीस कोरा."

"नाही मावशी," मी म्हणाले, "होतं की लिहिलेलं. हे बघा." आणि फोन तिच्यासमोर धरला.

तिने कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे पाहिलं. मग मान वळवली. "मंग माजेच डोले गेले."

गल्लीने माझं कौतुक केलं. पोरीने वेळेवर धाव घेतली म्हणून बायका आईला सांगत राहिल्या. मावशीने महिनाभरात डोळे तपासून घेतले आणि चष्मा केला. तेव्हापासून ती पान बघायच्या आधी लुगड्याच्या काठाने चष्मा पुसते, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, मग नाकावर नीट बसवते आणि मगच फोन उघडते. दोन वर्षं मी हे पाहते आहे. ती काच पुसायला लागली की मी दुसरीकडे बघते. काका गेल्या थंडीत गेले, झोपेत, शांतपणे. ते बोलू शकले असते तर मला काय म्हणाले असते, हा प्रश्न त्यांच्या बाराव्यालाही माझ्या शेजारी बसून होता.

गिरणी मी परत आणली नाही. ती नसण्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही. पायरी गाळल्याने कोणी मरत नाही. ती पायरी आपल्यासाठी काय करत होती ते न बघता गाळली की मात्र कोणीतरी खाली तहानलेलं राहतं. आता मी पानाच्या मुळातच, प्रोग्रॅम चालायच्याही आधी, साध्या अक्षरांत एक ओळ लिहून ठेवली आहे: 'वेळ दिसत नसेल तर सुजाताचं दार वाजवा.' प्रोग्रॅम चालला तर ती ओळ जाते आणि आकडा येतो. पाणी नसेल त्या दिवशी 'आज पाणी नाही' असं पूर्ण वाक्य येतं. कोरं पान आता कोणालाच दिसत नाही. तरी ऑफिसात एखादं पान उघडायला वेळ लागला, समोर नुसता पांढरा पडदा राहिला, की माझे कान ठक, ठक ऐकायला लागतात.

परवा नळ खोकला आणि मला वाटलं, हा तिसरा उन्हाळा आपल्याच्याने असा काढवणार नाही. आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? खाली जा."

गेले. मावशी सुईत दोरा ओवत बसली होती. मी सांगितलं. कान जवळ आणायला लावून, मोठ्याने, सगळं. पान खरंच कोरं होतं. तुमचे डोळे चांगले होते. चूक माझी, आणि खोटं बोलले तेही मीच. शेवटी तेही बोलून टाकलं, की मोटर वाजली नाही हे मला कळलं होतं. "आमच्याकडचं पाणी तुम्हाला चालत नाही, म्हणून रागाने आले नाही," म्हणाले, आणि रडायला लागले.

तिने चष्मा काढला. मांडीवर ठेवला.

"आमचे घरान सासूबाय सांगाची," ती म्हणाली, "बाववाल्यांनी पानी मागाचा नाय, द्याचा. मी कोनाकरंच प्यायली नाय. गावान कोनाकरं नाय." मग मांडीवरचा चष्मा सरळ केला. "पन तुझे आयशीला काय वाटत असल, ता माजे मनान आला नाय, असा मी नाय बोलनार. आलेला. तरी नाय प्यायले."

मी डोळे पुसले.

"बावीन पानी हाय का नाय, ता वरशी बघून कलत नाय. पोहरा सोराला लागते," हाताने पोहरा खाली सोडल्याची खूण करत एवढं म्हणून तिने सुई उचलली. चष्मा तसाच मांडीवर होता. दोरा ओवला जाईना. मी वर आले.

रात्रभर मन ठिकाणावर नव्हतं. मावशी कोणाला सांगेल, गल्ली काय म्हणेल, याची भीती होती, नाही कशी म्हणू? पण त्याहून मोठी भीती ही होती की ती काहीच म्हणणार नाही. जिन्यात दिसेल, 'कशी हायस' विचारेल, आणि तिच्या नजरेत माझ्यासाठी कायमचं ते कोरं पान असेल.

काल आमच्या इमारतीची वेळ एकची होती. आमचं पिंप भरत आलं होतं. दार वाजलं. उघडलं तर मावशी, डोळ्यांना चष्मा, हात रिकामे. जिना चढून धाप लागलेली. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"आत या ना मावशी," मी म्हणाले.

ती दारात टेकली नाही, आत आली. बुद्धाच्या मूर्तीखाली भिंतीला पाठ लावून बसली आणि माझ्याकडे न बघता आईकडे बघून म्हणाली, "पानी दे गो. प्याला."

आईने घरचा तांब्या-पेला आणला. माझ्या हातात न देता स्वतःच तिच्यासमोर धरला. मावशीने पेला वर धरून ओतला नाही. ओठांना लावला, आणि घोट घोट करत सगळा संपवला. मग आईसमोर पुन्हा धरला, "आनखी."

मी मागे सरकून ओट्यापाशी उभी होते. पायांखालची फरशी बारीक थरथरत होती. खाली तिची मोटर चालू होती.